कडक तंबाखू

पाइपमुळे माणसाच्या बोलण्याला वजन येतं. आज निपाणीच्या वखारीपाशी तंबाखूचा वास आला आणि इंग्रजी अमदानीतली ही माझी श्रद्धा आठवली.

पहिल्या खटल्याच्या आदल्या दिवशी मी सिगार सोडून पाइप घेतला आणि तंबाखूचे व्यापारी आप्पा यांच्याकडे गेलो. स्वतः निर्व्यसनी असलेल्या आप्पांनी दोन तंबाखू हुंगले आणि हलका पुढं केला.

“वकीलसाहेब, ह्यो न्या. नवख्याला बरा.”

“नवखा? मी सिगार ओढणारा माणूस. कडक द्या!”

“देतो की. पर सिगारगत जोरात वढू नका, जीभ भाजंल. उद्या कोर्टात बोलायचं हाय न्हवं?”

मी जोरातच ओढला. दुसऱ्या दिवशी पोळलेल्या जिभेमुळं तासाभराचं पाठ भाषण सोडलं आणि दोनच वाक्यं बोलून खाली बसलो.

खटला जिंकलो. पुढच्या तिन्ही खटल्यांत तासतासभर बोललो. ते हरलो.