फ्रूट पायमधलं केळं

आमच्याकडे केळं फळात धरत नाहीत. फळ म्हणजे विकत आणलेलं: सणाला सफरचंद, आजारपणात मोसंबी. केळं काय, घरात असतंच, मीठ-पाण्यासारखं. म्हणून बाबांच्या किडन्या कमजोर झाल्यावर बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, "फळं किती खातात?" तेव्हा आईनं सरळ मनानं सांगितलं, "फळं कुठं साहेब, सणावाराला एखादं." बाबा रोज येता-जाता केळी खात. जेवणाआधी, जेवणानंतर, शेतातून आल्यावर. ते सांगावं असं कुणालाच सुचलं नाही. मीही शेजारी उभी होते, आणि मी शाळेत विज्ञान शिकवते.

पुढं डायलिसिस लागलं तेव्हा हे बाहेर आलं आणि डॉक्टर भयंकर चिडले. केळं बंद, नारळपाणी बंद, टमाटे बंद, सगळ्यांत पोटॅशियम. बटाटा खायचाच तर चिरून कोमट पाण्यात ठेवायचा, ते पाणी फेकायचं, मग दुसऱ्या पाण्यात उकडायचा. पोटॅशियम हा शब्द आईच्या जिभेवर कधी बसला नाही, पण पाणी फेकायचं तिनं पूजेसारखं सांभाळलं. फोपनार गावातला आमचा केळीचा बाग काका बघू लागले. बाबा कधीतरी तिकडे चक्कर मारून बुऱ्हाणपुरात सिंधीपुऱ्यातल्या घरी परत आले की संध्याकाळभर बोलत नसत. एकदा म्हणाले, "जिंदगीभर लोकांना खाऊ घातलं, अन आता मला साल हुंगायची चोरी."

त्याच सुमाराला गावात एसी लावलेलं पहिलं किराणा दुकान निघालं. टोपली घ्यायची, आपल्या हातानं माल उचलायचा, कुणी काही विचारत नाही. जे आजवर इंदूरहून येणाऱ्या पाहुण्यांच्या पिशवीत दिसायचं ते सगळं तिथं फळीवर मांडलेलं असे. शाळेतून येताना मी उगीच आत जाऊन फिरायची. तिथूनच एक दिवस फ्रूट पायचं, आत फळांचा गर भरलेल्या मऊ बिस्किटांचं, खोकं आणलं. वर लालबुंद सफरचंद छापलेलं होतं.

आई त्या दिवशी इच्छापूरला गेली होती, बाबांसाठी देवीला नवस बोलायला. घरात आम्ही दोघंच.

"काय म्हणतेस, फळाचा पाय?" बाबा हसले. "मग डोकं कुठं ठेवलं त्याचं?"

"खाऊन तर बघा."

"आधी वाच. तो डॉक्टर माझी खाल काढेल. काय काय लिहिलंय?"

खोक्यावर सगळं इंग्रजीत होतं, तेही मुंगीएवढ्या अक्षरांत. मी तक्ता वाचला. ऊर्जा, साखर, मेद, प्रथिनं, मीठ, प्रत्येकासमोर आकडा. पोटॅशियम त्यात नव्हतं. "पोटॅशियम दिसत नाही," मी म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. त्या तक्त्यात ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणजे पायमध्ये नाही असं होत नाही, एवढं मला कळत होतं. तक्त्याच्या खाली काय काय घातलंय ते दिलं होतं: मैदा, साखर, तेल, केळ्याचा गर, आणि मग कुठं सफरचंद. ती ओळ मी मोठ्यानं वाचली नाही.

ती वाचताना माझ्या मनात काय आलं ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आधी आलं, केळंच तर आहे. त्याच्या मागून आलं, खाऊ दे, मी दमले ह्यांना नाही म्हणून म्हणून. ती दया होती की कंटाळा, मला अजून वेगळं करता येत नाही.

पहिल्याच घासाला बाबा थांबले. "ह्यात केळं आहे."

"सफरचंद आहे बाबा. चित्र बघा ना."

"मला शिकवतेस?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खोक्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो पाय सावकाश संपवला आणि दुसरा मागितला. मी दिला. त्यांना कळलं होतं असं सांगून मला माझं ओझं त्यांच्यावर ढकलायचं नाही. त्यांनी विचारलं आणि मी खोटं बोलले, झालं ते एवढंच.

आईची बस चुकली. ती उशिरा आली, आणि घाईत बटाट्याची भाजी टाकली, पाणी न काढता. "एका दिवसानं काय होतंय," असं आपल्याशीच म्हणाली. सकाळी बाबांचे हातपाय गळाले, छाती विचित्र धडधडू लागली. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं.

"पोटॅशियम वाढलं की हृदय असंच थांबतं," डॉक्टर म्हणाले. "काल काय दिलं होतं?"

"बटाटा," आई म्हणाली. "पाणी नाही काढलं साहेब मी."

डॉक्टरांनी नुसती मान हलवली. मी आईच्या मागं उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि सगळ्यांना वाटलं, लेक आईला सावरतेय.

तेराव्याला काकू ओसरीवर बायकांत म्हणाली, "जाऊबाईच्याच हातानं गेले. देवाधर्माला वेळ आहे, घरच्या माणसाला नाही." आई आत पुऱ्या लाटत होती. तिनं ऐकलं, मीही ऐकलं. त्यानंतर तिनं बटाटा सोडला, आणि इच्छापूरला जाणंही सोडलं. बाबा पायनं गेले, बटाट्यानं गेले, का दोन्ही मिळून झालं, हे मी कुठल्याही डॉक्टरला विचारलं नाही. विचारायचं तर आधी सांगावं लागलं असतं.

त्याला वर्षं झाली. गेल्या पितृपक्षात, बाबांच्या तिथीला, खीर ढवळता ढवळता आई म्हणाली, "बाई, माझ्या हातचं त्यांना पोचत असेल का गं?"

तेव्हा मी सगळं सांगितलं. दुकान, तक्ता, न वाचलेली ओळ, दुसरा पाय.

आईनं गॅस बंद केला. "अन तू रोज माझ्यासमोर बसून जेवत होतीस," ती म्हणाली. मग म्हणाली, "काका-काकू येतील आता. त्यांना सांग. जेवणं झाल्यावर, माझ्यादेखत."

जेवणं झाली, आणि मी सांगितलं. काका बडीशेप चघळत होते. "जाने दे बेटा," ते म्हणाले. "जुनं झालं. दादाचं आयुष्य तेवढंच होतं."

काकू मात्र उसळली. "पण जाऊबाईमुळं गेले असं म्हटलं कुणी? आम्ही कधी म्हटलं? अवो जाऊबाई, हे तुमच्याच मनाचे खेळ!"

ती ढोंग करत नव्हती. खरंच विसरली होती. आई दारात उभी होती, हातात खिरीची वाटी. तिनं काकूकडे नाही, माझ्याकडे पाहिलं. मी उष्टी ताटं गोळा करायला लागले.

ते फोपनारला निघून गेल्यावर आई मोरीपाशी माझ्याजवळ आली.

"तू होतीस ना तेव्हा ओसरीवर? ऐकलं होतंस ना, ती काय म्हणाली ते?"

"ऐकलं होतं."

"मग आत्ता बोलली का नाहीस?"

"सवय झाली आई," मी म्हणाले.

तिनं माझ्या हातातली ताटं काढून घेतली, आणि आपणच घासायला बसली.