टाळूवरचा खड्डा

सोमवारी अमरावतीला इंग्रज सरकारच्या मोठ्या दवाखान्यात एका डॉक्टरशी माझी चांगलीच जुंपली. पोरीला दाखवायला गेलो होतो आणि तिला उचलून तसाच परत निघालो होतो...

आधीच सांगतो, मी संशयी माणूस. बाळापूरजवळ आमचा भाजीचा मळा आहे आणि माल मी अकोल्याच्या बाजारात विकतो. दुसऱ्याच्या तराजूचा काटा मी दोनदा बघतो, मग तो सख्ख्या भावाचा का असेना.

आमची यमी अजून मांडीवरची. माझी माय रोज तिची टाळू तेलानं भरायची. मध्यंतरी यमीला जोराचा ताप येऊन गेला आणि त्यानंतर टाळूवरचा मऊ खड्डा दिसेनासा झाला. उलट ती जागा टचटचीत वर आली. माय हरखली. "माह्या तेलानं टाळू कशी भरली, पाहा," असं शेजारीपाजारी सांगत सुटली.

मग टोपडं बसेना. परटानं बदललं असणार, म्हणून मी त्याच्याशी भांडलो. नवं शिवलं, तेही घट्ट झालं, तेव्हा शिंप्यानं कापड मारलं असं वाटलं... पोरीचं डोकंच वाढतंय, हे काही डोक्यात आलं नाही.

पुढे ती दूध ओकायला लागली. डोळ्यांची बुबुळं खाली उतरली, वर येईचनात. "पोरगी माह्याकडं पाहूनच नाही राहिली," असं म्हणून बायको रडली आणि आम्ही गाडीत बसलो.

डॉक्टरांनी फितीनं डोकं मोजलं, टाळू चाचपली आणि सांगितलं, मेंदूत पाणी साठलंय, टाळूच्या कडेनं सुई घालून काढावं लागेल. मी उठलोच. पोर आहे की माठ? आणि काढलेलं पाणी हा माणूस नेणार कुठे? शिकाऊ पोरांना दाखवायला आमची यमी सापडली असणार, असंही वाटून गेलं.

त्यांनी मला बसवलं, धंदा विचारला आणि मळ्याच्याच भाषेत समजावलं. हे पाणी सगळ्यांच्याच डोक्यात असतं. रोज नवं तयार होतं, मळ्यातल्या दांडातून, लहान पाटातून वाहावं तसं आपल्या वाटेनं वाहतं आणि रक्तात जिरतं. यमीची ती वाट तापात बुजली, म्हणून पाणी आतच तुंबलं आणि मेंदू दाबला गेला.

आता मला खोट सापडली. "डाक्टरसाहेब, दांड तुंबला असंल तं दांड मोकळा करा ना. नुस्तं पाणी काहून उपसून राहिले?"

त्यांनी हातातली फीत गुंडाळली. मग म्हणाले, "तिथवर आमचा हात पोचत नाही अजून. आज काढलेलं पाणी बहुधा पुन्हा भरेल. काही मुलांचं आपोआप थांबतं. तुमच्या मुलीचं थांबेलच, असं मी सांगणार नाही."

खरं सांगतो, यमीला मी छातीशी घट्ट धरलं. पण इतकी वर्षं बाजारात बसतोय... आपल्या वांग्यातली कीड स्वतःहून दाखवणारा माणूस मी पाहिला नव्हता. या माणसानं दाखवली. मी यमीला त्यांच्या हातात दिलं.

काचेच्या नळीत पाणी आलं, अगदी नितळ. संध्याकाळी आईच्या मांडीवर यमीची बुबुळं हळूहळू वर आली आणि तिनं आईकडे पाहिलं. बायको तिच्या तोंडावरून हात फिरवत राहिली.

आता घरी तेलाची वाटी फळीवर ठेवून दिलीय. माय रोज सकाळी यमीच्या टाळूला हलकेच बोट लावते. जो खड्डा भरावा म्हणून तिनं एवढं तेल जिरवलं, तो राहावा म्हणून आता देवाला हात जोडते.

पाणी पुन्हा भरेल का, ठाऊक नाही. भरलं तर त्याच डॉक्टरांकडे जाणार, आणि त्यांचे उपकार मी विसरणार नाही. पण "खड्डा हाये रे बापू," असं मायनं सांगितलं, तरी मी स्वतः बोट लावून बघतो... दोनदा.