पोत्याखालचा सुपरचार्जर

माझ्या वरच्या ओळीतले दोन दात नाहीत. ते एका भंगारवाल्यानं पाडले, आणि मीही त्याला मोकळा सोडला नाही. भांडण सुपरचार्जरवरून झालं. कोण चुकलं ते वाचणाऱ्यानं ठरवावं. माझं ठरलेलं आहे.

तेव्हा माझ्याकडे एकच डिझेल पिकअप होती. आमचं घर मेंढरांमागं फिरणारं. करमाडच्या माळावरून उठून मी आधी ड्रायव्हर झालो, मग मालक. खानदेशातून लोखंडाचं कास्टिंग भरायचं, कन्नडचा घाट चढायचा आणि चिकलठाण्याच्या एका कारखान्यात दुपारची पाळी लागायच्या आत उतरवायचं, एवढंच काम होतं. पण भरलेली गाडी घाटात दम टाकायची. तीनदा उशीर झाला. कारखान्याच्या साहेबानं सांगितलं, "अजून एकदा पाळी लागल्यावर आलास तर काम दुसऱ्याला." दुसरे गेटबाहेर रांगेनं उभेच होते.

इंजिनात जास्त हवा कोंबली की ताकद वाढते. त्यासाठी दोन वाटा होत्या. टर्बो धुराच्या जोरावर फिरतो, सुपरचार्जर इंजिनाच्या पट्ट्यावर. नवं काही परवडणारं नव्हतं, म्हणून मी मिस्तरीला घेऊन भंगारबाजारात गेलो. हा मिस्तरी मुकुंदवाडीत स्टेशनजवळ काम करायचा. विद्यापीठाच्या नामांतरावरून पहिल्यांदा पेटलं तेव्हा गावात त्याचं घर जाळलं होतं. तेव्हापासून तो शहरात. इतकी वर्षं झाली तरी प्रश्न सुटला नव्हता. आज मोर्चा, उद्या बंद, परवा दगड. त्या दिवशीही दुकानांची शटरं अर्धी खाली होती.

भंगारवाल्यानं अपघातातल्या नव्या ट्रकचा टर्बो पुढं ठेवला. मिस्तरीनं आतली दांडी दोन बोटांत धरून हलवून पाहिली.

"दादा, हाच घ्या. जरासुदिक हलत नाय."

माझं लक्ष भंगारवाल्याच्या पायाशी होतं. तिथं पोत्याखाली काहीतरी होतं, आणि तो पोतं सारखं ओढून घेत होता. मी पोतं उचललं. खाली सुपरचार्जर, परदेशी, बोकडाएवढा.

"वो रहने दे," भंगारवाला म्हणाला. "बड़े मशीन का है. तेरे काम का नै."

मेंढरांच्या बाजारात बापानं मला एकच गोष्ट शिकवली होती. विकणारा पुढं ढकलतो ते जनावर रोगट, पायामागं दाबतो ते खरं. मी त्याच क्षणी ठरवलं.

आमच्याकडं भाव रुमालाखाली बोटांनी ठरतो. मी रुमाल टाकून त्याचा हात धरला.

"बकरा ले रा क्या रे?" तो हसला. "धनगर का धनगरच रह गया."

रुमालाखाली त्याचं बोट माझ्या मुठीत होतं. मी ते मागं वाकवलं. वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. त्यानं दुसऱ्या हातानं लोखंडी रिंग उचलली आणि माझ्या तोंडावर मारली. दात पडल्याचं मी थुंकलो तेव्हा कळलं. मग मी त्याचं डोकं शटरवर आपटलं. एकदा नाही, तीनदा. त्या आवाजानं आणि रक्तानं बाजाराला वाटलं, दंगा झाला. धडाधड शटरं पडली, कुणीतरी दगड भिरकावला, लोक पळत सुटले. मिस्तरीनं आम्हा दोघांना ओढून आत घेतलं आणि शटर खाली केलं. बाहेर पोलिसांच्या काठ्या पत्र्यावर वाजत होत्या. आत आम्ही तिघं भंगारावर बसून धापा टाकत होतो.

"ले जा," भंगारवाला मोडकं बोट धरून म्हणाला. "लेके मर."

"दादा, ही हवा आपल्या इंजनाला पचायची नाय," मिस्तरी म्हणाला. "हेड उडंल."

"टर्बो खपवायला याच्याकडून किती घेतलंस?" मी विचारलं.

मिस्तरीनं माझ्याकडं पाहिलं. "घर जाळलं तवाबी गावानं हेच इचारलं. भरपाईसाठी तूच लावलीस ना काडी, किती भेटले?"

मला हे ऐकायचं नव्हतं. मी त्याच्या कानाखाली मारली. त्यानं हात उचलला नाही. काठ्या थांबल्यावर शटर वर केलं, सुपरचार्जर स्वतः खांद्यावर घेतला आणि गाडीत टाकला. चार दिवस खपून नीट बसवून दिला. किल्ली देताना एवढंच म्हणाला, "घाटात पाय दाबू नका." त्यानंतर त्यानं माझ्या गाडीला हात लावला नाही.

पहिल्या दोन फेऱ्यांत मी सपाटीला ट्रक मागं टाकले, घाटात पाय आवरला. तिसऱ्या फेऱ्याला खालीच उशीर झाला होता. घाटात मी पाय दाबला. मधल्या वळणावर तोफ उडावी तसा आवाज झाला. हेड फुटलं, कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला, उकळतं तेल काचेवर आणि माझ्या हातावर उसळलं. पुढचं दिसेना. गाडी मागं घसरत कठड्यावर आदळली. कास्टिंग सुटून दरीत गेलं, एकामागून एक, बराच वेळ आवाज येत राहिला. माझ्या उजव्या हाताची कातडी अजून वितळलेल्या मेणासारखी आहे.

काम गेलं. ते ज्याला मिळालं त्याच्या गाडीत तोच टर्बो होता, आणि तो माझ्याच मिस्तरीनं बसवलेला.

हात बरा झाल्यावर मी तो सुपरचार्जर भंगारवाल्याच्या पुढ्यात आदळला. तो तेलाच्या उलट्या डब्यावर अवघडून बसला होता, बोट वाकडंच जुळलेलं.

"छुपाया कायकू?" मी त्याची कॉलर धरली. "छुपाया नै होता तो मैं लेताच नै."

"छुपाया किधर? मैं उसके ऊपर बैठता था." त्यानं माझा हात झटकला, सुपरचार्जर पायानं सरळ केला, वर पोतं घातलं आणि बसला. "ऊँचाई बराबर है इसकी."

मी त्याला एक लाथ घातली आणि निघालो. बसायचं होतं तर त्यानं तसं आधी सांगायला हवं होतं.