झाड-झाड आणि हलव्याचा हार

मुलीचं बोरन्हाण बागेत करायचं, हा हट्ट माझा. दुसऱ्या कोणाच्या माथी मारता येणार नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

आम्ही बोरिवलीला राहतो, पूर्वेला. आमच्या सोसायटीची मागची भिंत संपली की जंगल सुरू. घर मात्र अकराव्या मजल्यावर. मुलगी तीन वर्षांची झाली तरी मातीला हात लागला की बोटं ताठ करून रडायची. माझं डोकंच फिरलं. त्या थंडीत, म्हणजे आपली मुंबईची थंडी, सकाळी स्वेटर आणि दहा वाजता घाम, मी दर रविवारी बिल्डिंगमधली सात-आठ पोरं गोळा करून मागच्या बागेत न्यायला लागले. पानं वेचा, गांडूळ शोधा, चिखलाच्या भाकऱ्या थापा. भिंतीवर अधूनमधून माकडं येऊन बसायची, म्हणून एक खेळही काढला होता, झाड-झाड. माकड आलं की ओरडायचं नाही, पळायचं नाही, दात दाखवायचे नाहीत. असाल तिथे झाड व्हायचं. मी 'वारा आला' म्हटलं की मगच हलायचं. पोरांना खेळ भयंकर आवडला. मलाही स्वतःचं जरा जास्तच कौतुक वाटत होतं, खोटं कशाला बोलू?

संक्रांतीनंतरच्या रविवारी संध्याकाळी बोरन्हाण ठरलं. सासूबाई म्हणाल्या, "घरातच करूया गो. भायर माकडा असतत." त्यांचं लहानपण मालवणकडचं, माकडांशी त्यांची जुनी ओळख. मी म्हटलं, "आई, हॉलमध्ये सगळी बोरं सोफ्याखाली जातात. बागेत मुलं कशी मस्त वेचतील!" त्यांनी बोरं निवडायला घेतली. चेहरा मात्र बरंच काही बोलत होता.

आता मी काय केलं ते ऐका. काळ्या फ्रॉकमधल्या माझ्या लेकीला हलव्याचे दागिने घातले. हार, बाजूबंद, कमरपट्टा, डोक्यावर मुकुट. डोक्यापासून कमरेपर्यंत नुसती साखर. अशा पोरीला जंगलाच्या भिंतीपासून पंधरा पावलांवर पाटावर बसवलं. ओवाळलं. आणि तिच्या डोक्यावरून ओतायला परातभर बोरं, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे आणून ठेवले. माकडांना पत्रिका छापायची तेवढी राहिली होती.

पहिलं भांडं मी तिच्या डोक्यावर ओतलं. पोरं तुटून पडली, नुसता गोंधळ. मी दुसरं भांडं भरायला परातीशी वाकले, आणि गोंधळ एकदम बंद झाला.

वर बघते तर पोरं होती तिथे थिजलेली. कोणी ओणवं, कोणाच्या मुठीत बोरं, एकाच्या तोंडातून अर्धा करवा बाहेर. सगळी झाडं झाली होती. मी पाटाकडे पाहिलं. मोठा थोराड नर लेकीच्या समोर बसला होता. इतका जवळ की त्याने हात लांबवला आणि तिच्या गळ्यातला हार धरला.

ती हलली नाही. डोळे माझ्यावर लावून बसली होती, पापणीसुद्धा लवत नव्हती. माकडाने हार ओढला तशी तिची मान पुढे गेली. दोरा पक्का होता, मीच दुहेरी ओवलेला. त्याने पुन्हा ओढला आणि दात विचकले. ते पिवळे सुळे तिच्या गालापासून वीतभर. बाई गं! 'वारा आला' म्हणावं तर ती उठेल आणि तो चावेल. न म्हणावं तर ती बसूनच राहील. आणि माझा पाय, पुढे जायचा तो, एक पाऊल मागे गेला.

तेवढ्यात शेजारून सासूबाईंचा हलका आवाज आला. "तो खावक इलो हा, चावक नाय. गप रव." त्यांनी ती अख्खी परात उचलली आणि भिंतीच्या दिशेने भिरकावली. बोरं, करवे, चुरमुरे, सगळं गवतात सांडलं. माकडाने तिकडे पाहिलं, एक शेवटचा हिसका दिला, दोरा तुटला. तुटका हार फरपटत ते गेलं, दोन करवे उचलले आणि भिंतीपलीकडे उडी मारली.

संपलं होतं. पण पोरं हलेनात. लेक हलेना. सगळी माझ्या तोंडाकडे बघत होती.

"अगो, म्हण मा तुझा ता वाऱ्याचा!" सासूबाई ओरडल्या.

"वारा आला," मी कशीबशी म्हटलं.

पोरं नाचायला लागली. त्यांच्या दृष्टीने यापेक्षा झकास बोरन्हाण झालंच नव्हतं. मी लेकीला उचलून बागेतल्या दिव्याखाली नेलं, गळा, गाल, कानामागे, सगळीकडे पाहिलं. ओरखडा नव्हता, नुसता दोऱ्याचा लाल वळ. तरी डॉक्टरांकडे नेलंच. त्यांनी तपासून इंजेक्शनची गरज नाही म्हटलं, तेव्हा कुठे मी खुर्चीत बसले. आणि मग जास्तच घाबरले. ती धीट होती म्हणून हलली नव्हती असं नाही. मी सांगितलं होतं म्हणून हलली नव्हती. त्याने लचका तोडला असता तरी ती बसून राहिली असती, माझ्या शब्दाची वाट बघत.

पुढच्या रविवारी मी पोरांना म्हटलं, झाड-झाड आजपासून बंद. आता माकड दिसलं की हळूहळू मागे सरकत मोठ्या माणसाकडे यायचं. लेक गुलमोहराखाली काडीने माती उकरत होती. हल्ली तिला मातीचं काही वाटत नाही.

"तुला भीती वाटली ना, तर सरळ माझ्याकडे यायचं," मी तिला वेगळं सांगितलं.

तिने मान वर केली. "पण तू तर मागे गेलीस."

मला वाटत होतं, ते कोणी पाहिलंच नव्हतं.

"हो गं," मी म्हटलं. "मी खूप घाबरले होते."

तिने शेजारची जागा हाताने साफ केली आणि म्हणाली, "मग तू इथे बस. माझ्याजवळ."