आमच्या चौघींतला वरचा आवाज

आमचं पहिलं गाणं संपायच्या आतच गणपती मंडळातले एक पेटीमास्तर खुर्ची सरकवून उठले आणि अध्यक्षांना म्हणाले, यातल्या एकीला गाता येतं, बाकीच्या तिघींना घरी पाठवा. आम्ही मुद्दाम तसं गात होतो हे त्या सज्जनांना कोण सांगणार? आपल्याकडे दहा जण गायला बसले तरी दहाही जण एकच चाल धरतात. आम्ही चौघी एकाच वेळी चार वेगळ्या चाली गात होतो आणि त्या एकमेकींत बसत होत्या. निदान माझ्या स्वयंपाकघरात तरी बसायच्या.

हे खूळ अमेरिकेहून आलं. नवीन पनवेलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर दोघी बहिणी राहायच्या. त्यांचा भाऊ बोटीवर नोकरीला होता. कुठल्याशा बंदरातून त्याने एक कॅसेट आणली. वेष्टनावर पांढऱ्या कोटातले चार अमेरिकन गृहस्थ एकाच माईकभोवती डोकी जुळवून हसत उभे होते. वाद्यं नावापुरती, सगळी करामत गळ्याची. एक जण वर उंच गायचा, दोघे मध्ये आणि एक तळाला नुसता हुंकार द्यायचा. शब्द आम्हाला निम्मे कळायचे नाहीत. पण मी सरकारी कचेरीत टायपिस्ट होते, रोज दुसऱ्याचा मजकूर न कळता टाइप करत होते, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही. रविवारी दुपारी भांडी आवरली की आम्ही तिघी टेप लावून बसायचो आणि एकेकीने एकेका गड्याचा आवाज पकडायचा. माझा आवाज पहिल्यापासून जाड. मला तळाचा मिळाला. बहिणींना मधले दोन. वरचा कोणालाच जमेना.

तो आवाज मला जवळच्या सुकापूर गावात सापडला, ब्लाऊजचं माप देताना. तिथे रस्त्यालगत एका बाईचं शिवणाचं दुकान होतं. माझ्याच वयाची, गावातली, शेतकरी घरातली. पहिल्याच भेटीत तिने मला अगं-तुगं केलं आणि वर सांगितलं, "वैनी, तुझं किचन हाय ना, तिथं आमचा बांध व्हता." जमीन वसाहतीत गेली होती, पण तिच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. मापाची टेप अंगावरून फिरवता फिरवता ती लग्नातलं काहीतरी गुणगुणत होती. गुणगुणणं म्हणायचं इतकंच, कारण ते समोरच्या पानाच्या टपरीपर्यंत ऐकू जात असावं. असा मोकळा, न दबलेला आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता.

तिला घरी आणलं. कॅसेट ऐकवली. ती म्हणाली, यात काय अवघड आहे, आमच्या लग्नात दोन्हीकडच्या बायका एकाच वेळी आपापली गाणी म्हणतात, समोरच्या काहीही म्हणोत, आपण आपलं सोडायचं नाही. आणि खरंच तिने सोडलं नाही. आम्ही तिघी खाली काय वाटेल ते गोंधळ घालायचो, ती वर ठाम असायची. तिच्या जिवावर आम्ही सुरात आलो.

पेटीमास्तर उठून गेले तरी लोक बसून राहिले. पुढच्या वर्षी तीन मंडळांनी बोलावलं, त्याच्या पुढच्या वर्षी पार उरणपर्यंत. गणपती, नवरात्र, कचेऱ्यांची स्नेहसंमेलनं, सत्यनारायण. जुनी लोकगीतं, ओव्या, कोळीगीतं, सगळं आम्ही त्या चार गड्यांच्या पद्धतीने बसवलं. साड्या सारख्या, ब्लाऊज सारखे, आणि चारही तिनेच शिवलेले. पेपरात एकदा दोन ओळी छापून आल्या, तेव्हा माझ्या सासूबाईंनी ते कात्रण देवघरात ठेवलं होतं. ती चार वर्षं माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं होती. मूल, बढती, सगळं झालं नंतर, पण मला मागे जायला सांगितलं तर मी त्या चार वर्षांत जाईन. कर्नाळा किल्ल्याच्या पायथ्याशी एका सहलीत झाडाखाली बसून गायलो होतो, तर वरून उतरणारे लोक थांबून राहिले आणि त्यांची बस निघून गेली. आम्हालाच मग त्यांना आमच्या टेम्पोत घ्यावं लागलं. अख्खा रस्ता तेही गात आले, अर्थात एकाच चालीत.

मग मुंबईचा एक कॅसेट काढणारा माणूस कार्यक्रमाला आला. त्याने मला बाजूला घेतलं. चारही आवाज छान आहेत म्हणाला, कॅसेट काढू. मग कान खाजवत म्हणाला, वरचा आवाज जरा गावठी वाटतो, पण तुमचा ग्रुप आहे, तुम्ही ठरवा.

त्याने माझ्यावर सोपवलं होतं. मी ठरवलं. दादरच्या कॅसेटच्या दुकानात आपला फोटो लागेल, आपल्या कचेरीतल्या बायका ती विकत घेतील, आणि त्यात कुणी नाक मुरडायला नको, एवढंच माझ्या डोक्यात होतं. भावगीतांच्या क्लासला जाणारी एक मुलगी मी पाहून ठेवली. आवाज गोड, घासूनपुसून लख्ख. बहिणींना सांगितलं, कंपनीची अट आहे. त्यांनी मान खाली घातली आणि विषय संपवला.

सुकापूरला मी स्वतः गेले. निदान तोंडावर सांगावं, एवढी लाज शिल्लक होती. ती जेवायला बसत होती, मलाही बसवलं. तांदळाची भाकरी आणि बोंबलाचं कालवण. तिसरा घास घेताना मी म्हटलं की कंपनीवाला तुला नको म्हणतोय, मी खूप भांडले, पण तो ऐकेना. तिने माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. म्हणाली, "जाऊ दे. नको म्हणतो तर नको." मी ती भाकरीही खाल्ली.

एवढ्यावर थांबले असते तरी ठीक. पण वेष्टनावरच्या फोटोसाठी सारखे ब्लाऊज हवे होते, आणि आमचे ब्लाऊज नेहमी तीच शिवायची. मी चौघींचं कापड घेऊन गेले, नव्या मुलीचं माप कागदावर लिहून. तिने शिवून दिले. चौथाही शिवून दिला. फिटिंग इतकं उत्तम होतं की फोटोवाल्याने विचारलं, कुठे शिवलेत.

कॅसेट निघाली आणि आपटली. ज्यांनी आम्हाला मंडपात ऐकलं होतं ते विचारायचे, तो वरचा आवाज कुठे गेला? आम्ही सांगायचो, रेकॉर्डिंग नीट झालं नाही, माईक जुने होते. नाचता येईना अंगण वाकडं. नवी मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली. तिच्या जागी आणखी एक आली, मग आणखी एक. दोन वर्षांनी मंडळांना ऑर्केस्ट्रा हवा होता, नंतर डीजे. बहिणींनी बिऱ्हाड ठाण्याला हलवलं. शेवटचा कार्यक्रम आम्ही एका पतपेढीच्या वर्धापनदिनाला केला, तेव्हा अर्धे लोक वडे घ्यायला उठले होते. सुकापूरला मी जाणं सोडलं होतं. ब्लाऊज दुसरीकडे शिवायला टाकत होते, आणि ते काखेत नेहमी घट्ट व्हायचे.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि दीड महिना मी पडून होते. मालिका बघून डोकं दुखायला लागलं, तेव्हा एका दुपारी मोबाईलवर मी त्या चार अमेरिकन गृहस्थांना शोधलं. सगळा इतिहास सापडला. चर्चमध्ये गायला लागले, मग रेडिओ, मग रेकॉर्डी, गावोगावी गर्दी. मग गिटारवाली पोरं आली आणि यांना विचारीना कुणी. आपसात भांडले, फुटले, एकाच नावाचे दोन ग्रुप करून हॉटेलांतून गात फिरले. म्हातारपणी कुणीतरी सत्कार केला, तोवर दोघेच उरले होते. वाचताना मला हसू येत होतं, कारण पनवेल काय नि अमेरिका काय, वर जायचा आणि खाली यायचा जिना एकच दिसतो.

शेवटी एक गोष्ट वाचली आणि फोन छातीवर ठेवून पडून राहिले. बोटीवरून आलेल्या त्या कॅसेटवरचा वरचा आवाज फोटोतल्या चौघांपैकी कुणाचाच नव्हता. गाणाऱ्याला रेकॉर्डिंगनंतर काढलं होतं आणि फोटोला दुसरा उभा केला होता. तीस वर्षं मी ते वेष्टन जपलं. डोकी जुळवून हसणाऱ्या त्या चौघांसारखी मैत्री आपली होती, असं मुलीला सांगत आले. त्या दुपारी मला माझीच किळस आली. ठरवलं, शिवणवालीला जाऊन खरं सांगायचं. पण गुडघा बरा झाला, चालायला लागले, आणि सुकापूरचं जाणं रोज उद्यावर गेलं.

मध्यंतरी तिचं काय झालं ते अख्ख्या पनवेलला माहीत होतं. गावच्या हळदींत ती गायला लागली होती. आधी शेजारपाजारच्या, मग तालुक्यातल्या. मग कुणीतरी तिचं गाणं मोबाईलवर टाकलं आणि ज्या आवाजाला आम्ही गावठी म्हटलं त्यावर सोसायट्यांमधल्या आमच्यासारख्यांच्या मुली नाचायला लागल्या. आता तिच्या तारखा मिळत नाहीत. तिचं गाणं वाजलं की मी आवाज कमी करायचे.

या वर्षी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. आमच्या घराण्यात हळद म्हणजे पाच सवाष्णी आणि एक वाटी. पण आता हॉल, पिवळे कपडे आणि गाणारी बाई लागते. मुलीने परस्पर तिलाच ठरवलं. "आई, किती मुश्किलीने मिळाल्या त्या," ती म्हणाली. मला नकार देता आला असता. दिला नाही, कारण याहून सोपी संधी मिळणार नव्हती. उपकार झाले, पायपीट वाचली, असंही मनात आलं. मी तशी आहे.

हळदीच्या दिवशी ती सकाळी अकराला आली. केस पांढरे, नऊवारी हिरवी, सोबत सून, भाची आणि बेंजोवाले. मला बघून म्हणाली, "वैनी, बरी हाय ना?" जणू गेल्याच आठवड्यात भेटलो होतो. तिच्या सुनेने माझ्या मुलीकडून घरच्यांच्या नावांची चिठ्ठी घेतली, कारण हळदीच्या गाण्यात एकेकाचं नाव गुंफतात. मग ती गायला लागली. आवाज थोडा खाली आला होता, पण तसाच ठाम. पुण्याहून आलेल्या माझ्या नणंदा, ज्या कधी मोठ्याने शिंकतही नाहीत, त्या पदर खोचून नाचत होत्या. सून आणि भाची मधले सूर धरत होत्या. तळाला कुणी नव्हतं. माझ्या घशात तो सूर येऊन थांबला होता.

मधल्या सुट्टीत ती आतल्या खोलीत बसली. मी तिचं ताट घेऊन गेले. दार लावलं आणि उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की तुला कंपनीने काढलं नव्हतं, मी काढलं होतं. तो माणूस माझ्यावर सोपवून गेला होता. भांडले वगैरे काही नव्हते.

तिने घास घेतला, नीट चावला. "मना माईत हाय," ती म्हणाली.

मी विचारलं, कधीपासून.

"तू चौथीचं माप घेऊन आलीस त्याच्या आदल्या दिशी मी त्या माणसाला फोन केलता. तो म्हणला, तुमच्या बाईंना विचारा."

मग शिवलंस कशाला, असं मी विचारलं.

"वाटलं, तू बोलशील. हुकं लावून होईपर्यंत वाट बघितली. मंग कॅसेट आली, मंग तुझी पोर झाली. किती वाट बघाची, वैनी? एक दिवस सोडून दिलं."

मी म्हटलं, माझं चुकलं. तिने मान हलवली. ब्लाऊज गुरुवारी मिळेल असं सांगायची, तितक्याच साध्या स्वरात म्हणाली, "चुकलंच. आता तू सांगून हलकी झालीस. मी काय करू त्याचं?"

बाहेरून बेंजोवाल्याने हाक मारली. तिने हात धुतले, पदराला पुसले आणि माझ्या बाजूने निघून गेली.

शेवटचं कडवं नवरीच्या आईचं असतं. ताल सुरू झाला, नणंदांनी मला मधोमध ढकललं, मुलगी टाळ्या वाजवत होती. बेंजोवाल्याशेजारून ती माझ्याकडे बघून हसली, कुठल्याही नवरीच्या आईकडे बघून हसत असेल तशी. मी हात वर केले. तिने कमरेला खोचलेली नावांची चिठ्ठी काढली, चष्मा लावला आणि माझं नाव त्यावरून वाचून गायलं.