पाटावरची माती

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात चामराजपेटच्या आमच्या घराच्या दारात ओल्या कचऱ्याची बादली घेऊन उभी होते. कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरत होती. "शालू, हे गेले गं… झोपेतच," एवढंच अक्का बोलली. गाडी आली, थांबली, निघूनही गेली, आणि बादली माझ्या हातातच राहिली. आनेकलच्या बसमध्ये बसल्यावर मनात आलं, दाजींना हे सांगितलं असतं तर त्यांनी आधी त्या बादलीचीच चौकशी केली असती. रडता रडता मला हसू फुटलं. शेजारच्या बाई माझ्याकडे बघत राहिल्या.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे निपाणीकडचे. आनेकलच्या बाजूला आमचं माहेर आहे, त्या छोट्या गावच्या नगरपालिकेत ते पर्यावरणाचं काम बघायला म्हणून आले आणि आमचे जावई होऊन तिथेच राहिले. पर्यावरण हा शब्द मोठा, पण प्रत्यक्षात कचरा, गटारं, झाडं आणि तळं, शिवाय कुणाच्या नळाला पाणी नाही, कुणा आजींची पेन्शन अडली, असलं सगळंच त्यांच्या दाराशी यायचं. लग्नाच्या पंगतीत जेवून झालं की माणसं विडा शोधतात. आमचे दाजी मांडवामागे जाऊन केळीची पानं आणि प्लास्टिकचे पेले वेगळे पडताहेत की नाही ते बघायचे. "दाजी आले, बादल्या झाका," असं आम्ही त्यांच्या तोंडावर म्हणत असू. ते हसायचे, आणि झाकण उघडून बघायचेच. कुणाला रागवायचे मात्र नाहीत. चुकीच्या बादलीतली साल उचलून बरोबर बादलीत टाकायची आणि हात धुवायचे, एवढंच त्यांचं भाषण.

पण त्यांचा खरा जीव होता तळ्यावर. गावाबाहेरचं ते तळं गणपतीनंतर बघवत नसे. रंग उतरलेल्या मूर्ती, सडलेली फुलं, वर तरंगणारे मासे. दाजींनी वर्षानुवर्षं खटपट करून काठावर विसर्जनासाठी पायऱ्यांचा हौद बांधून घेतला. इथे त्याला कल्याणी म्हणतात. निर्माल्याचं खत करायची सोय केली, शाडूच्या मूर्तींसाठी घरोघर फिरले. गाव हळूहळू वळू लागलं. सगळ्यात आधी अडून बसली ती आमची आई.

आमच्याकडे गौरीबरोबर गणपती जातात. हौदाच्या पहिल्याच वर्षी सगळ्या गावादेखत आईनं भावाला हौदावरून पुढे नेलं आणि मूर्ती तळ्यात सोडायला लावली. "नगरपालिकेच्या साहेबांची सासूच तळ्यात विसर्जन करते," ही बातमी बाजारभर झाली. दुसऱ्या दिवशी दोन गल्ल्यांतल्या बायकांनी दाजींना तोंडावर सांगितलं, आधी घरचं बघा. अक्का आईशी कडाकडा भांडली. मला वाटलं, आता दाजी या घराची पायरी चढत नाहीत. संध्याकाळी ते आले, ओट्यावर बसले, चहा मागितला.

"आई, हौदाचं पाणी चांगलं नव्हतं काय?"

"पाण्याला काय झालंय?"

"मग काय कमी पडलं, तेवढं सांगा की. बोलणी खायाला आलोय म्हणा."

आईनं चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. मग म्हणाली, "जावईबापू, देव पोचवून आलं की पाटावर काठाची माती आणायची असते. तुमच्या हौदाला सगळा सिमेंट. मी रिकामा पाट घेऊन घरात कशी येऊ?"

आम्ही एकमेकींकडे बघत राहिलो. ती माती घरभर फिरवून तुळशीत घालायची, हे लहानपणापासून बघत आलेलो, पण हट्टाचं मूळ तिथे असेल हे कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. आम्ही सगळे तिला अडाणी ठरवून मोकळे झालो होतो. विचारलं ते फक्त दाजींनी. मला त्यांचं सगळ्यात जास्त कौतुक याचं वाटतं.

पुढच्या वर्षी हौदाच्या शेवटच्या पायरीशी एक बुट्टी होती. वेताची टोपली, ओल्या काळ्या मातीनं काठोकाठ भरलेली. तळ्याच्या काठची माती. भावानं मूर्ती हौदात सोडली, आईनं बुट्टीतली मूठभर माती पाटावर घेतली, बोटांनी चुरून बघितली आणि "सरी," म्हणाली. कानडीत "सरी" म्हणजे नुसतं ठीक, पण आमच्या आईच्या तोंडून ते मोठं प्रशस्तिपत्रकच. त्यानंतर पाट घेऊन तळ्याकडे जाणारं आमच्या ओळखीचं एकही घर राहिलं नाही. तळ्यावर पुन्हा बगळे दिसू लागले. दाजी निवृत्त झाले, तरी बुट्टी दर वर्षी असायचीच.

यंदा घरात गणपती बसवायचं कुणाच्याच मनात नव्हतं. आई म्हणाली, बसेल, आरती हळू म्हणा. गौरी जाण्याच्या दिवशी मी आणि भाऊ हौदावर गेलो… आणि पायरीशी बुट्टी नव्हती. आमच्या पुढच्या बाई रिकामा पाट छातीशी धरून इकडेतिकडे बघत होत्या. मागे आणखी घरं खोळंबलेली. तिथल्या कर्मचाऱ्याला विचारलं, तर तो अवघडून म्हणाला, "अक्का, बुट्टी ऑफिसची नव्हे. सर स्वतःच भरून आणायचे." इतकी वर्षं आम्ही ती नगरपालिकेची समजत होतो. पुढच्या बाई तळ्याच्या दिशेनं दोन पावलं गेल्याही. एका मुठीसाठी सगळं पुन्हा तळ्यात जाणार होतं.

तेवढ्यात रिक्षा थांबली. आतून अक्का उतरली, दोन्ही हातांनी बुट्टी धरून. गळा मोकळा, कपाळ मोकळं. दाजींना जाऊन जेमतेम काही आठवडे झालेले. अशा वेळी बाईनं मंगल कार्यात पुढे यायचं नाही, हे आम्हाला आईनंच शिकवलेलं. "बुट्टी घरीच दिसली म्हणून आईकडे गेले. तिनंच पाठवलं," अक्का मला हळूच म्हणाली. "तुळशीतली माती काढून दिली. म्हणाली, सगळी त्यांनीच आणलेली आहे, जा घेऊन." तिनं बुट्टी पायरीशी ठेवली आणि मागे सरून उभी राहिली. कुणी हलेना. मला भीती वाटली, आता ही माती कुणी घेणार नाही, आणि अक्का ती तशीच परत नेणार. मग पुढच्या बाई वळल्या. बुट्टीशी गेल्या नाहीत, अक्काशी गेल्या, आणि पाट तिच्यापुढे धरला.

"तुम्हीच घाला, अक्का."

अक्कानं मूठ भरून माती त्यांच्या पाटावर घातली. त्यांच्यामागे दुसरा पाट आला, मग तिसरा. आमचा पाट मी मुद्दाम शेवटी धरला.

घरी आई दारातच खुर्चीवर बसली होती. तिनं पाट बघितला, अक्काचे मातीचे हात बघितले, म्हणाली, "सरी," आणि डोळ्यांना पदर लावला. मूठभर माती अर्ध्या रिकाम्या तुळशीत परत गेली.

दुसऱ्या दिवशी निघताना अक्काकडे गेले. दाजींच्या चपला अजून कोनाड्यात आहेत. बुट्टी दारामागच्या खिळ्याला होती, वेतात माती सुकून बसलेली. धुऊन ठेवावी म्हणून मी ती काढली, तर अक्कानं हातातून घेतली आणि परत खिळ्याला लावली.

"राहू दे गं. पुढच्या वर्षी मलाच भरायची आहे."