पांढरा बॉल मागे येईना

भूगोलाच्या तासाला मी वर्षानुवर्षं संत्र्यात विणायची सुई खुपसून पृथ्वीचं परिवलन दाखवत आलो. मुलं माना डोलवत, त्यांच्याबरोबर मीही डोलवत असे. निवृत्त होऊन ओतूरला राहायला आल्यावर शेजारच्या शेडमध्ये एक पांढरा बॉल माझ्या नाकासमोर फिरू लागला, तेव्हा कळलं की गोल वस्तू कशी फिरते याबद्दल मला काहीच माहिती नाही.

शेजाऱ्यांचा मुलगा माझा जुना विद्यार्थी. चाकणची नोकरी सोडून तो गावी परतला, तो पुण्यातल्या एका बंद पडलेल्या क्लबचं स्नूकरचं टेबल घेऊनच. टोमॅटोची क्रेटं ठेवायच्या शेडमध्ये त्यानं ते मांडलं आणि वर लांबट दिवे टांगले. त्याच्या वडिलांनी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या आबांनी, टेबलाभोवती एक फेरी मारली, हिरव्या कापडावर हात फिरवला आणि निकाल दिला, "ह्यो जुगार हाये. काठीनं गोट्या भोकात घालायच्या. लागलं तर लागलं."

"न्हाई आबा, विद्या हाये ही," असं म्हणून मुलानं वाकून पांढरा बॉल मारला. तो लाल बॉलवर आपटला. लाल पुढे जाऊन भोकात पडला आणि पांढरा, कुणी हाक मारल्यासारखा, सरळ मागे आला. याला बॅकस्पिन म्हणतात.

आबा दचकले होते, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही. "तुजा हात बसलाय. विद्या असंल तर दुसऱ्याला शिकवता याया पायजे. ह्या मास्तरला शिकव. दसऱ्याला बघतो. न्हाई पटलं तर टेबलावर कांदं पसरीन. जागा बरी हाये."

मला कुणी काही विचारलं नाही.

शिकवणी सुरू झाली. "सर, बॉलच्या खालच्या अंगाला मारा, पण टोचू नका. मनगट सैल सोडा, पण क्यू, म्हंजे ही काठी, हलू देऊ नका. आन् बॉलला लागल्यावर थांबायचं न्हाई. क्यू पुढं जाऊ द्यायचा. तुमी पुढं जाल तवाच त्यो मागं येईल."

असली वाक्यं मी आजवर फक्त प्रवचनांत ऐकली होती आणि चपला सापडल्याबरोबर तिथून निघालो होतो. इथून निघण्याची सोय नव्हती. माझा पांढरा बॉल कधी लालच्या मागोमाग भोकात पडे, तर कधी धडकून जागच्या जागी उभा राही. एकदा तो उडी मारून क्रेटांच्या मागे गेला.

"थांबला म्हंजे अर्धं आलं सर."

थांबणं हे मागे येण्याचं अर्धं कसं, ते मला समजलं नाही. मग एका संध्याकाळी बॉल चक्क मागे आला.

"असंच! आता परत!"

"असंच म्हणजे कसं?"

"आत्ता मारलं तसं, राव!"

आत्ता कसं मारलं ते मला सांगता येईना आणि त्यालाही येईना. त्या क्षणी मी गॅसच्या सिलेंडरचा विचार करत होतो, एवढंच आठवत होतं. पुढचे काही दिवस मी मारताना मुद्दाम सिलेंडर डोळ्यांसमोर आणला. उपयोग झाला नाही. शेड हातची गेली तर पुन्हा चाकण, हे पोरगा बोलून दाखवत नव्हता, पण क्यूच्या टोकाला खडू फार जोरानं घासत होता.

दसऱ्याला शेडबाहेर फ्लेक्स लागला. त्यावर माझा निरोपसमारंभातला हार घातलेला फोटो आणि खाली 'प्रमुख मार्गदर्शक'. कुणाचा आणि कशाबद्दल, ते लिहिलं नव्हतं. आत आबांनी पहाटेच पूजा मांडली होती. विळा, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि त्यांच्या रांगेत क्यू. टेबलाच्या सहाही भोकांत एकेक झेंडू.

आणि क्यूच्या टोकावर, जिथे खडू लावायचा नेमक्या तिथे, ओल्या कुंकवाचं ठसठशीत बोट.

खडू नसेल तर टोक बॉलवरून घसरतं, एवढं मला शिकवलं गेलं होतं. मी पुसायला रुमाल काढला. मुलानं हळूच मान हलवली. आबांनी क्यू पंपाच्या शेजारी पूजेला मांडला होता, त्यावरचं कुंकू त्यांच्यादेखत पुसणार कोण? मी रुमाल खिशात ठेवला आणि मारलं. 'टिक्' असा आवाज झाला. पांढरा बॉल तिरका घरंगळला आणि कशालाही न शिवता एका झेंडूजवळ जाऊन थांबला.

मी कांद्यांची वाट पाहू लागलो.

"कवापासनं शिकत्यात मास्तर?" आबांनी विचारलं.

"गणपतीपासनं," मुलगा म्हणाला.

"आन् अजून येत न्हाई?"

"न्हाई."

आबांनी बराच विचार केला. "मग विद्याच हाये. नशिबाचा खेळ असता तर एवढ्यात एकदा तरी लागलं असतं."

एकदा लागलं होतं. मुलगा माझ्याकडे बघत होता, मी झेंडूकडे. हा माझा सत्कार होता की अपमान, तेही अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात आबा म्हणाले, "उद्यापासनं मला शिकवा."

"मी? आबा, मला येत नाही, आत्ताच बघितलंत."

"पोरापुढं चुकायचं न्हाई मला. तुमच्यापुढं चालंल."

दुसऱ्या दिवशी ते टोपी सावरून टेबलाशी वाकले. टोक पुसलेलं होतं. कुणी पुसलं, ते मी विचारलं नाही.

"कुठं मारू?"

"खालच्या अंगाला मारा, पण टोचू नका," मी म्हणालो. "लागल्यावर थांबू नका. पुढं जा."

"पुढं गेल्यावर मागं कसं येईल ते?"

मी खडू उचलला आणि दुसऱ्या क्यूच्या टोकाला घासत राहिलो.